मास्तरांची हजेरी

प्रिय टिल्लू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून काहीतरी बिनसलंय असं तुला वाटलं असेल, तर ते बरोबरच आहे. एरवी फोनवर तासभर तोंडाचा पट्टा चालवणारी ताई कागद-पेन घेऊन कशाला बसली, असं तुला वाटेल. फोनवर मला हे जमत नाही रे. दर रविवारी तू विचारतोस, मास्तर कसे आहेत, आणि मी सांगते, मजेत आहेत. मग तू विचारतोस, आणि तू, तर मीही मजेत. एकदा खोटं बोललं की पुढच्या रविवारी त्यालाच परत खरारा करून उभं करावं लागतं, आणि आता माझे हात भरून आलेत. मास्तर मजेत नाहीत. त्यांच्या पुढच्या दोन्ही खुरांची आतून वाट लागली आहे. काय झालं, कोण काय म्हणालं, आम्ही काय केलं, ते सगळं क्रमाने लिहिते. तू मध्ये बोलायचं नाहीस. पत्राचा तेवढा एक फायदा असतो.

दाण्याच्या खोलीत बसून लिहितेय. दुपार आहे, वर्ग संध्याकाळी. पत्र्याच्या पिंपावर फळी टाकून टेबल केलंय. तू लहानपणी लाथ मारून ज्याला पोचा पाडलास तेच पिंप, अजून गळत नाही. इथून अर्ध्या दारावरून मास्तरांची नुसती पाठ दिसते. पाठ तशीच आहे, पांढरी, मधे जरा खोलगट, शाळेतल्या पोरांनी वर्षानुवर्षं बसून बसून केलेली. नुसती पाठ बघितली तर घोडा धडधाकट आहे असं कुणीही म्हणेल. म्हणून मी ही जागा निवडली. पाय दिसायला लागले की मला लिहिता येणार नाही.

बाबांनी त्यांना आणलं तेव्हा त्यांचं नाव काही भलतंच होतं, तुला आठवत असेल. आठवड्याभरात त्यांचे मास्तर झाले, कारण नवीन पोर पाठीवर बसलं की याला आज किती शिकवायचं ते तेच ठरवायचे. पोर रडवेलं असेल तर साध्या चालीपुढे जायचेच नाहीत, आणि आगाऊ असेल तर भिंतीकडे तोंड करून ढिम्म उभे राहायचे. हजेरी मात्र तुझी करामत. तू कॉलेजला दांड्या मारून तबेल्यात बसायचास आणि बाबा म्हणायचे, ज्याची स्वतःची हजेरी कधी लागली नाही त्यानं घोड्याला हजेरी शिकवली. वर्ग सुरू होताना विचारायचं, मास्तर हजर का, की ते पुढचा उजवा पाय उचलून धरणार, आणि आपण हातावर साखरेचा खडा ठेवणार. खेळ एवढाच. पण त्या एवढ्याशा खेळावर आपली घोडेस्वारीची शाळा चालली, हे तुलाही माहीत आहे. घाबरलेली पोरं त्या उचललेल्या पायाकडे बघून हसायची आणि मग त्यांना पाठीवर बसवता यायचं.

तर गेल्या थंडीत मास्तर न विचारताच हजेरी द्यायला लागले. आधी वर्गाच्या वेळी, मग दाणा टाकताना, मग केव्हाही. उजवा पाय उचलायचे, ठेवायचे, मग डावा उचलायचे. डावा तर तू कधी शिकवलाच नव्हतास. आम्ही काय म्हणालो सांगू? म्हातारपणी मास्तरांना बढती मिळाली, आता ते दोन्ही पायांनी हजेरी देतात. पोरं खूश, त्यांचे आईबाप खूश, तुझे भाऊजी मोबाइल घेऊन मागे मागे. जो तो खिशातून साखर काढतोय. कुणाचा वाढदिवस असला तर केकचा तुकडासुद्धा. मी स्वतः रोज सकाळी पहिला खडा देत होते आणि वर लाडानं म्हणत होते, जित्याची खोड. त्या म्हणीतले पुढचे शब्द आता माझ्या तोंडून निघत नाहीत. तुझ्या लेकीच्या वाढदिवसाला आत्याकडून म्हणून जो व्हिडिओ पाठवला, तो तेव्हाचाच. तू लिहिलं होतंस, म्हातारा ताल धरायला लागलाय की. वहिनीने ढीगभर हसरे चेहरे पाठवले होते.

मग रिंगणात त्यांचं वळण मोठं व्हायला लागलं. आत वळायला सांगितलं की बाहेरून लांबचा फेरा घालायचे, रिक्षावाल्यानं नवख्या पाहुण्याला फिरवावं तसा. मी पोरांना ओरडले, लगाम नीट धरा म्हणून. एके दिवशी वर्गानंतर रिंगणाची वाळू संपून फरशीची वाट सुरू होते तिथे ते थांबले आणि पुढे येईनात. ओढलं तर मान पुढे आली, पाय आले नाहीत. तेव्हा मात्र मी पोरांना ओरडायचं थांबले. बाबा म्हणायचे ना, घोडा बिघडला की आधी खूर बघ, मग तोंड. मी नालकाकांना निरोप धाडला.

नालकाका आता वाकताना कण्हतात, पण खूर मांडीत घेतला की कण्हणं बंद. त्यांनी मोठा चिमटा काढला आणि खुराची तळी कडेकडेने दाबत गेले. पुढच्या टोकाशी चिमटा आला आणि मास्तरांनी पाय हिसकला. काकांचा चेहरा उतरला. म्हणाले, माझाच खिळा जिव्हारी लागला असणार, आत पू धरलाय. त्यांनी नाल काढली, तळी कोरली, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायला सांगितला. पू काही निघाला नाही. मग दुसऱ्या पायाला चिमटा लावला तर तिथेही तसंच, अगदी त्याच जागी. काका डोकं खाजवत बसले. दोन पायांत दोन खिळे एकाच वेळी चुकायला मी काय झोपेत नाल ठोकतो का, असं स्वतःलाच विचारत होते. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही. जाताना म्हणाले, पोरी, डॉक्टरला दाखव, हे माझ्या हातातलं दुखणं दिसत नाही.

इथे डॉक्टर म्हणजे आपले गाय-डॉक्टर. माणूस चांगला, पण दिवसभर म्हशी आणि कुत्री, घोडा वर्षातून एखादा. त्यांनी मास्तरांना दुडकी चालवायला लावलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. पाय दुखत असला तर घोडा लंगडतो, दुखरा पाय टेकताना डोकं वर झटकतो, हे तू मला शिकवलंस आणि तुला बाबांनी. मास्तरांचं डोकं एका रेषेत होतं. पावलं आखूड पडत होती, पण दोन्हीकडे सारखी. डॉक्टर म्हणाले, लंगडत तर नाही, खुराचं काही नसणार, वय झालं, खांदे आखडलेत. मलाही ते पटलं. खांदे कुणाचे आखडत नाहीत? माझे आखडलेत. त्यांनी दुखणं मारायची पावडर दिली आणि चार दिवसांत मास्तर फरशी ओलांडून आले. मी रोज त्यांच्या खांद्यांना तेल चोळत होते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी शंभरदा वापरली असेल, पण तिच्यात उभं राहून हात तेलकट करून घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली. आणि साखर चालूच होती.

पावडर संपली तसं सोंग उतरलं. सकाळी दार उघडलं तर मास्तर दोन्ही पुढचे पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागे घेऊन उभे. खुर्चीवर बसायला निघावं आणि खुर्चीच नसावी, तसे. दाण्याला तोंड लावलेलं नाही. तुझे भाऊजी, ज्यांना घोड्याचं शेपूट कुठलं आणि आयाळ कुठली एवढंच कळतं, ते मोबाइल घेऊन बसले आणि जगभरच्या घोडेवाल्यांना विचारायला लागले. एक म्हणतो बर्फात पाय ठेवा, दुसरा म्हणतो गरम ठेवा, तिसरा म्हणतो चालवा, चौथा म्हणतो हलवू नका. एकानं तर घोड्याला आरसा दाखवा म्हणून सांगितलं. मी त्यांच्यावर खेकसले. पण त्याच गोतावळ्यातून त्यांना घोड्यांच्या दवाखान्याचा पत्ता लागला आणि तिथल्या डॉक्टरबाई एवढ्या लांब यायला तयार झाल्या.

बाई आल्या त्या थेट मास्तरांपाशी गेल्या. खाली बसल्या, मास्तरांच्या खुराच्या वर, मागच्या खोबणीत दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मग माझं बोट धरून तिथे ठेवलं. चांगल्या घोड्याची तिथली नाडी शोधावी लागते म्हणाल्या. मास्तरांची दार ठोठावल्यासारखी लागत होती. खुरावर तळहात ठेवला तर खूर तव्यासारखा तापलेला. एवढी वर्षं या घोड्याचे पाय मी धुतले, टिल्लू, आणि त्या खोबणीत बोट कधी ठेवलं नाही. बाबांनी आपल्याला खूर बघायला शिकवलं, त्याची नाडी असते हे सांगायचं राहून गेलं. बहुतेक त्यांनाही माहीत नसावं.

मग त्यांनी चालवून पाहिलं. त्यांनाही लंगडणं दिसलं नाही. मी म्हणाले, बघा, लंगडत नाहीत ते, खांद्याचंच असेल. त्या म्हणाल्या, थांबा. त्यांनी उजव्या पायात सुई देऊन तेवढा खूर बधिर केला, थोडं थांबल्या आणि परत चालवायला सांगितलं. आणि मास्तर लंगडले. डाव्या पायाने, भयंकर लंगडले, पाऊल टेकलं की डोकं वर, टेकलं की डोकं वर. मी बाईंवर ओरडलेच, काय केलंत तुम्ही माझ्या घोड्याला, मघापर्यंत धड चालत होता. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दोन्ही पाय सारखेच दुखत असले की घोडा लंगडत नाही. लंगडायला एक तरी बरा पाय लागतो.

हे वाक्य मी नंतर तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी पुष्कळ वेळा मनात म्हटलं. त्याचं पुढे सांगते. बाई यंत्र लावून खुरांचे फोटो काढत होत्या आणि मास्तरांनी त्यांच्यासमोर पाय उचलला. आधी उजवा, मग डावा. माझा हात आपोआप खिशात गेला. साखरेचा खडा बाहेर आला आणि बाईंनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, हा पाय असे कधीपासून उचलतो? मी हसत हसत सांगायला लागले, अहो ही आमच्या मास्तरांची हजेरी, माझ्या भावानं शिकवलीय. सांगता सांगता मला कळलं. बाईंना काही बोलावंच लागलं नाही. ते हजेरी देत नव्हते, टिल्लू. एका पायावरचा भार काढून दुसऱ्यावर टाकत होते, तो सोसेना की परत पहिल्यावर. सांगायला तोंड नव्हतं म्हणून ते आम्हाला पाय दाखवत होते आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. आणि प्रत्येक वेळी साखर. खुरातलं हाड जिथे भोवतालच्या कवचाला धरून असतं ती पकड सुटत जाते, असा हा रोग. साखरेनं, गोडधोडानं तो भडकतो. आम्ही दुखऱ्या घोड्याला दुखण्याचं बक्षीस देत होतो, आणि ते बक्षीसच दुखणं वाढवत होतं. जगातल्या दुसऱ्या कुठल्या तबेल्यात ही चूक झाली नसती. दुसरीकडे कुणाचा घोडा हजेरी देत नाही.

मी बाईंना म्हणाले, मला दोन शब्द सुनावा तरी. त्यांनी सुनावलं नाही. या वयात हा रोग तसाही आला असता म्हणाल्या, साखर नसती तर किती कमी झाला असता ते कुणीच सांगू शकत नाही. एवढं मोजूनमापून बोलतात डॉक्टर. फोटोत मला त्यांनी दाखवलं, हाड आत सरळ बसायला हवं ते पुढच्या टोकानं खाली झुकलंय, दोन्ही पायांत. त्यांचं मत असं होतं की करून बघू, पण आशा फार धरू नका, आणि घोडा थकला तर त्याला ताटकळत ठेवू नका. मी मान डोलावली आणि त्या फाटकातून बाहेर पडल्याबरोबर भाऊजींना म्हणाले, दुसरं कुणीतरी शोधा.

दुसरं मत मिळालं. मोठे डॉक्टर, दूरच्या शहरातले, फोटो बघून फोनवर बोलले. खुराचं टोक कापा, नाल उलटी ठोका, पायाखाली गुडघाभर वाळू टाका, गवत भिजवून साखर काढून द्या, वाचतो घोडा. मला ते लगेच आवडले. ज्याचं मत गोड तो डॉक्टर मोठा, माणसाचं असंच असतं. नालकाकांनी आयुष्यात कधी नाल उलटी ठोकली नव्हती. पण फोटोवरून माप घेऊन त्यांनी भट्टीवर ती पुन्हा पुन्हा बनवली, मनासारखी होईपर्यंत. मी वाळू ओढली. भाऊजींनी ओढली, त्यांची कंबर धरली, तरी ओढली. आणि टिल्लू, गुण आला. एका सकाळी मास्तर आपणहून वाळूतून चालत रिंगणाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले आणि आतल्या पोरांकडे बघत बसले. त्या रविवारी मी तुला सगळं सांगणार होते. झालं-गेलं म्हणून सांगायला सोपं असतं. मग वाटलं, आणखी जरा पक्कं होऊ दे.

त्यांनी थोडं आडवं व्हावं, असं दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं होतं. असे घोडे दिवसातले कितीतरी तास पडून काढतात, तेवढाच पायांना आराम. मऊ वाळू, वर भुसा, सगळं करून झालं. मास्तर आडवे होत नाहीत. तुला माहीतच आहे त्यांचा स्वभाव. आजारी पडले, पोटात दुखलं, तरी कुणासमोर अंग टाकणार नाहीत. मी त्यांना आयुष्यात एकदाच आडवं झालेलं पाहिलंय. बाबा गेले त्या दिवशी लोक पांगल्यावर तू तबेल्यात जाऊन मागच्या भिंतीला टेकून खाली बसलास. मी तुला चहा द्यायला आले होते. दारातून बघितलं तर मास्तर गुडघे मोडून तुझ्या शेजारी बसले होते आणि त्यांचं एवढं मोठं डोकं तुझ्या मांडीवर होतं. मी चहा घेऊन परत गेले. तुला हे कधी बोलले नाही, आणि तूही बोलला नाहीस.

त्यानंतर आपण दोघांनी शाळा किती शहाण्यासारखी चालवली ना. तू सकाळचे वर्ग, मी संध्याकाळचे. लोक म्हणायचे, बाप गेला पण पोरांनी सावरलं हो. एकदाही तू माझ्यासमोर रडला नाहीस, मी तुझ्यासमोर नाही. मग वहिनीची बदली झाली, तू लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागलास, आणि तू गेल्याच्या पुढच्या आठवड्यापासून मी जी कोसळले ती भाऊजींनाच विचार. मला वाटायचं, बाबांच्या वेळी सावरले आणि आता ही काय नाटकं. बाईंचं ते वाक्य ऐकलं आणि घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं. आपल्या दोघांनाही सारखंच दुखत होतं, म्हणून कुणीच लंगडलं नाही. तुला तिथे काय होत असेल याचाही मी तेव्हा विचार केला नाही. तू इथे परत आला नाहीस, सुट्टी मिळत नाही म्हणतोस, लिफ्ट काय कुणाच्या सुट्टीसाठी बंद पडायच्या थांबतात का म्हणतोस. मी ऐकून घेते. मला माहीत आहे की तुझ्याच्याने फाटकातून आत येववत नाही.

तर गुण आला तो तेवढाच. पंधरवड्यापूर्वी मास्तरांनी परत भार मागे घेतला. उजव्या खुराच्या तळीला टोकाशी फुगवटा आला, मग तिथली कातडी पातळ झाली आणि परवा नालकाकांनी पाय मांडीत घेतला तेव्हा आतलं हाड बाहेर आलेलं दिसलं. काकांनी पाय हळूच खाली ठेवला आणि तोंड फिरवून उभे राहिले. बाई आल्या. मोठ्या डॉक्टरांना फोटो पाठवले, ते फोनवर म्हणाले, बाई सांगतात ते बरोबर आहे. गाय-डॉक्टरसुद्धा आपणहून येऊन गेले, माझ्या हातात हात घेऊन म्हणाले, मला ओळखता आलं नाही. जितकी तोंडं तितकी मतं म्हणून मी इतके दिवस कुरकुर करत होते. आता सगळ्यांचं मत एक झालं. डाव्या पायाचंही तेच होणार आहे, पावडर आता लागू पडत नाही, आणि ते उभेच आहेत. मला आता कशाचीच आशा उरलेली नाही, टिल्लू. हा घोडा गेला की बाबांच्या हातचं या आवारात जिवंत असं काही उरणार नाही.

सर्वांत वाईट काय ते सांगू? अजूनही कुणी दारात आलं की ते पाय उचलतात. दुखतो म्हणून की हजेरी द्यायची म्हणून, मला आता ओळखता येत नाही. साखर बंद आहे. ते पाय धरून वाट बघतात, मग खाली ठेवतात, मग दुसरा. काल वर्गातल्या एका लहान मुलीनं मला विचारलं की मास्तर रोज हजर असतात, मग त्यांना आता काहीच का मिळत नाही. मी तिला म्हणाले, जा, खोगीर पूस. दुसरं काय सांगणार?

आता हे पत्र कशासाठी ते. तुझं मत विचारायला मुळीच नाही. वाचताना तुझ्या डोक्यात अमुक डॉक्टर आणि तमुक नाल सुरू झालं असणार, ते सगळं आम्ही करून बसलोय, आता काही सुचवलंस तर ते वरातीमागून घोडं. आणि हजेरी मी शिकवली म्हणून हे झालं, असं मनात आणशील तर येऊन कानाखाली वाजवीन. घोड्याची चाल नुसती ऐकून दुखरा पाय सांगणारा तू, तुलाही त्या व्हिडिओत कळलं नाही. तो व्हिडिओ अजून तुझ्याकडे असेल. कधीतरी तू तो एकटा बसून बघितला असतास आणि तुला ते पाय ओळखू आले असते, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून एवढं सगळं लिहिलं. डॉक्टरबाई सोमवारी सकाळी येणार आहेत. त्यांनी मला सांगितलं की उभ्या घोड्याला ही शेवटची सुई दिली की तो कोसळतो, त्याच पायांवर, आणि ते बघवत नाही. आधीच आडवा असेल तर नुसता झोपी जातो. मास्तर माझ्यासाठी आडवे होणार नाहीत, मी बघितलंय करून, दोन दिवस त्या भिंतीला टेकून बसले, ते फक्त बघत राहिले. नालकाका लेकीकडे तुझ्या गावी निघालेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतेय. रविवारी ते परत फिरणार आहेत. या रविवारी फोन करू नकोस, त्यांच्याबरोबर ये. काही करायचं नाही, काही बोलायचं नाही, मागच्या भिंतीला टेकून खाली बस, बाबा गेले त्या दिवशी बसलास तसा. तुला बघितलं की ते आधी पाय उचलतील, उजवा. तेव्हा त्यांची हजेरी घे. मी बाईंना विचारून ठेवलंय, आता साखर चालेल का म्हणून. चालेल म्हणाल्या, आता हवी तेवढी द्या. माझ्या घरात एक खडा ठेवलेला नाही मी. येताना तू घेऊन ये.

तुझीच,
ताई